रस्त्याला न लागणारे चाक

मोटारीला चाके किती, असे विचारले तर कोणीही चार म्हणेल. चोखंदळ माणूस डिकीतले जादा चाक धरून पाच म्हणेल. पण आणखी एक चाक असते. ते रस्त्याला कधीच लागत नाही, तरी बाकीच्यांनी कोणीकडे वळायचे हे तेच ठरवते. बैलगाडीच्या चाकासारखा त्यालाही तुंबा असतो, आरे असतात आणि बाहेरून कडे असते. हे म्हणजे स्टिअरिंग व्हील. जुन्या स्पोर्ट्स मोटारी बाळगणारी हौशी मंडळी गाडी हाती आली की बऱ्याचदा हेच चाक आधी बदलतात. वरवर पाहता ही नुसती हौस. मला मात्र या बदलाबदलीत गेल्या शतकाचा इतिहास दिसतो.

मुळात मोटारीला असे चाक नव्हतेच. कार्ल बेन्झ यांची १८८६ सालची तीनचाकी उभ्या दांड्यावरच्या मुठीने वळवली जाई. १८९४ साली पॅरिस ते रुआं अशी मोटारींची चढाओढ झाली. तीत आल्फ्रेद व्हाशरों यांनी आपल्या पानार गाडीला गोल चाक बसवले. चाक दोन्ही हातांनी धरता येते आणि त्याला पुरते फेरे देता येतात. म्हणून मध्ये दात्यांची जोडणी घालून हाताचा थोडा जोर पुष्कळ करता येतो. मूठ मागे पडली ती यामुळे.

जुन्या गाड्यांची ही चाके थोराड असतात, ती काही शोभेसाठी नव्हेत. पॉवर स्टिअरिंग असलेली पहिली विक्रीची मोटार, क्रायस्लर इम्पिरिअल, १९५१ साली आली. छोट्या स्पोर्ट्स गाड्यांना तर ती सोय पुढेही कित्येक वर्षे नव्हती. तेव्हा सारा भार मनगटावर. सोळा इंचांचे चाक काढून चौदा इंचांचे बसवले, तर तेवढ्याच वळणाला हाताचा जोर सुमारे १४ टक्के जास्त लागतो. लहान चाक चपळ वाटते खरे, पण गाडी उभी करताना दंड भरून येतात.

आता एकच गाडी उदाहरणादाखल घेऊ : इंग्लंडची एमजीबी. ऑक्सफर्डच्या ‘मॉरिस गॅरेजेस’ची आद्याक्षरे म्हणजे एमजी. ही गाडी अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झाली आणि त्यांतला मोठा हिस्सा अमेरिकेला गेला. तिच्या सुरुवातीच्या चाकाला तारांचे आरे होते. तारा किंचित लवचीक, त्यामुळे रस्त्याचे हादरे हातापर्यंत येईतो मवाळ होत. अनेक मालकांना मात्र हवे असे ते लाकडी कड्याचे चाक. ते लाकूड लोकप्रिय केले इटलीच्या एन्रिको नार्दी यांनी, १९५० च्या दशकात. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर घासून गुळगुळीत केलेले लाकूड! पुढे जानपिएरो मोरेत्ती यांनी चामड्याने मढवलेले जाडसर चाक आणले. १९६४ साली जॉन सर्टीज फेरारीतून जगज्जेते झाले, ते हेच चाक हाती धरून. त्यातून ‘मोमो’ हे नाव जगभर गेले. शर्यतीतली वस्तू आपल्याही गाडीत असावी, असे कोणाला वाटणार नाही?

याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती, आणि तिचा संबंध थेट जिवाशी होता. त्या काळच्या गाड्यांचा स्टिअरिंगचा दांडा म्हणजे एक ताठ लोखंडी काठी. समोरून टक्कर झाली की दांडा मागे सरके आणि चालकाची छाती त्याच्यावर आदळे. १९६५ साली राल्फ नेडर यांच्या ‘अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड’ या पुस्तकाने अमेरिकेत या प्रश्नावर रान उठवले. १९६६ साली वाहन सुरक्षेचा कायदा झाला. १ जानेवारी १९६८ पासून दोन नियम लागू झाले. तासाला १५ मैल वेगाने धड चाकावर आदळले तर छातीवर २,५०० पौंडांपेक्षा जास्त जोर येता कामा नये, हा एक. तीस मैलांच्या टकरीत दांडा पाच इंचांहून अधिक मागे येता कामा नये, हा दुसरा. अमेरिकेच्या बाजारासाठी एमजीबीलाही आत दबणारा दांडा आला, आणि समोर एवढा गुबगुबीत डॅशबोर्ड, की लोक त्याला ‘अ‍ॅबिंग्डनची उशी’ म्हणू लागले.

चाक बदलणाऱ्याने लक्षात ठेवायचे ते इथेच. १९६५ सालच्या गाडीला मऊ, जाड चाक बसवले म्हणून ती सुरक्षित होत नाही. मागची काठी ताठ ती ताठच. उलट नंतरच्या काही गाड्यांत चाकाचा तुंबाच धक्का सोसण्यासाठी घडवलेला असतो. तो काढून धातूचा भरीव तुकडा आणि लाकडी चाक लावले, की त्या संरक्षणाचा एक भाग आपण आपल्या हाताने काढून टाकतो.

कामाची रीत साधी आहे, पण घाईची नाही. बॅटरीची तार सोडवावी आणि पुढची चाके सरळ ठेवावीत. मधली टोपी काढून चाक व दांडा यांवर जुळणारी खूण करावी. मोठा नट ढिला करावा, पण पुरता काढू नये; दोन-चार आटे राहू द्यावेत. नाहीतर घट्ट बसलेले चाक एकदम सुटून तोंडावर येते. आणि दांड्यावर हातोडा मुळीच मारू नये! काही दबणाऱ्या दांड्यांत, ठरावीक जोरानंतर तुटाव्यात म्हणून, प्लास्टिकच्या बारीक खिळी घातलेल्या असतात. हातोड्याने त्या आधीच तुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. पुलर लावून चाक ओढून काढणे हाच शहाणपणा.

जपानी माझदाची छोटी स्पोर्ट्स गाडी १९८९ साली आली. अमेरिकेत ती विकली गेली चालकासमोर एअरबॅग घेऊन. खुद्द जपानमध्ये १९९० साली तिची एक आवृत्ती निघाली, तिला नार्दीचे लाकडी चाक होते. एकच गाडी, एकच काळ, पण एका देशात चाकातून मागितली गेली छातीची राखण आणि दुसऱ्यात हाताचे सुख.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. चाक जरूर बदला. हात आपले आहेत, आवडही आपलीच. पण आधी दांडा कोणत्या सालचा ते पाहा. एअरबॅग असेल तर तिच्या वाटेला घरच्या घरी जाऊ नका. आणि काढलेले मूळ चाक भंगारात घालू नका. त्यावर गाडीचे साल-महिना लिहून ते फळीवर जपून ठेवा. उद्या गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा तिच्या काळी लोकांना काय आवडत होते आणि कशाचे भय वाटत होते, हे त्याला त्या चाकावरूनच कळेल.