'चांगला' म्हणजे किती चांगला?

सौंदडच्या रेल्वे स्थानकावर गोंदियाच्या गाडीची वाट पाहत दोन निवृत्त कर्मचारी बसले, की बोलणे हटकून 'सी.आर.'वर येते. सी.आर. म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. नोकरी संपून वर्षे लोटली, तरी कोणत्या साहेबांनी काय लिहिले असेल, ही रुखरुख जात नाही.

शाळेचे शेरेबुक तरी मुख्याध्यापकांच्या टेबलावर असे. तपासणीचे साहेब काय लिहून गेले, ते शिपायालाही कळे. आमचा अहवाल मात्र कपाटात कुलूपबंद. प्रतिकूल शेरा कळवल्याशिवाय त्याच्या आधारे बढती नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली गुरदयालसिंग फिज्जी खटल्यात सांगितले होते. पण 'चांगला' हा शेरा प्रतिकूल कसा म्हणायचा? आपल्या राज्याच्या प्रतवारीत 'चांगला'च्या वर 'निश्चित चांगला' बसलेला असे. म्हणजे नुसता चांगला तो अनिश्चितच की!

हा पेच सोडवला सीमा रस्ते संघटनेतील देवदत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याने. अधीक्षक अभियंतापदासाठी लागोपाठ पाच वर्षे 'अतिशय चांगला' शेरा हवा होता. १९९३-९४ या एकाच वर्षी त्यांना 'चांगला' मिळाला, आणि तो कळवलाही नाही. डिसेंबर १९९४ मध्ये निवड समिती बसली, तेव्हा ते मागे राहिले. (आमचे सौंदड तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते.) गुवाहाटी उच्च न्यायालयात ते हरले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी निकाल दिला: शेरा कोणताही असो, अगदी उत्कृष्टही, तो कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. बढती अडवणारा 'चांगला' परिणामाने प्रतिकूलच ठरतो, हे न्या. मार्कंडेय काटजूंचे विवेचन मला फार पटले. २०१३ साली सुखदेवसिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. देवदत्त मात्र २००८ च्या निकालापूर्वीच निवृत्त झाले होते. शेरा सुधारला तर बढतीचा पूर्वलक्षी विचार करावा आणि ती मिळाल्यास थकबाकी ८ टक्के व्याजाने द्यावी, एवढे न्यायालयाने सांगितले.

तो निकाल वाचून मीही माझे जुने अहवाल मागवले. कार्यालयाचे नाव सांगत नाही. माझी बढती हुकली, त्याच्या आदल्या वर्षीच्या पानावर एकच शब्द होता, 'चांगला'. लिहिणारे साहेब त्या वर्षी आमच्याकडे जेमतेम चार महिने होते.