ग्रहलाघव
१२. ग्रहलाघव : कोकणातील मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा शके १४४२ (इ. स. १५२०) मधील ग्रहगणिताचा करणग्रंथ. गणेशांनी ज्या-चाप (साइन व कंस) वगळून सोपी सूत्रे दिली. कलियुगारंभापासून १६ लाखांहून अधिक दिवस मोजण्याऐवजी ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे चक्र धरले, त्यामुळे जोशाला लहान आकड्यांवर काम भागवता आले. हे स्थूल गणित म्हणून त्यांना कमी लेखणारे अभ्यासक आहेत. पण ‘लीलावती’वरील त्यांच्या ‘बुद्धिविलासिनी’ (१५४५) टीकेत उपपत्ती आहेत, तेव्हा ज्या-चाप टाळले ते अज्ञानाने नव्हे. आकडेमोडीचे कष्ट वाचवणे हेही गणितच. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरची कीर्ती १६१४ च्या लॉगॅरिथमवर, म्हणजे याच कामावर उभी आहे. पुढे ग्रहलाघवी पंचांगांत चूक साचली, हा आक्षेप मात्र खरा. तरी गणेशांनी स्वतः जुने आकडे वेधाशी ताडून दुरुस्त केले होते. ते काम पुढच्यांनी चालू ठेवले नाही, याचा दोष ग्रंथावर टाकता येत नाही.