मिरजेच्या शास्त्रीबुवांचे मासिक

इ. स. १८९७ साली मिरजेहून एक नवे मासिक निघू लागले. त्यात गोष्टी नव्हत्या, चुटके नव्हते, राजकारणावरचे खमंग लेखही नव्हते. होती ती केवळ जुनी पत्रे, आणि तीही एका सरदार घराण्याच्या दप्तरातली. 'ऐतिहासिक लेखसंग्रह' हे त्याचे नाव. संपादन वासुदेवशास्त्री खरे यांचे आणि प्रकाशनाचा भारही त्यांच्याच शिरावर. खरेशास्त्री मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत. मराठीतील नव्या वैचारिक व ऐतिहासिक ग्रंथांची गोष्ट निघाली की मोठमोठ्या प्रकाशनसंस्थांची नावे पुढे केली जातात. आम्हांस मात्र हा एकट्या माणसाचा उद्योग आधी आठवतो, आणि तो येथे आठवावा यास कारणही आहे.

हे येथे म्हणजे के. आर. पुरम. रेल्वेच्या वेळापत्रकात कृष्णराजपुरम असे पूर्ण नाव वाचून पुष्कळ मराठी मंडळी प्रथम या स्थानकावर उतरतात. कोणी डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये रुजू होतो, कोणी १९४८ साली सुरू झालेल्या दूरवाणीनगरच्या टेलिफोन कारखान्यात, कोणी बँकेत. बदलीचा गाव म्हणून आपण त्याकडे पाहतो. परंतु गावावरून जाणारा जुना मद्रास रस्ता थोडे पुढे गेले की होसकोट्यास पोचतो आणि तेथून कोलारास. बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरें ही नावे शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीची. १६३८ साली रणदुल्लाखानाच्या स्वारीत बंगळूर केंपेगौडाकडून विजापूरकरांच्या हाती आले व राजांचे ठाणे तेथे बसले. म्हणजे कचेरीस जाता येता आपण ज्या रस्त्याने धूळ खातो, तो मराठी इतिहासाच्या बाहेरचा नव्हे.

या रस्त्याचे नाव पुन्हा मोठ्या प्रमाणावर निघते ते १७९१ साली. टिपूविरुद्ध इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र झाले होते. लॉर्ड कॉर्नवालिस कोलार व होसकोटे घेऊन याच बाजूने बंगळुरावर आला, आणि २१ मार्चच्या रात्री त्याने किल्ला घेतला. त्या वेळी परशुरामभाऊ पटवर्धन धारवाडच्या वेढ्यात गुंतलेले होते. ते ठाणे एप्रिलमध्ये पडले. मग भाऊ व हरिपंत फडके दक्षिणेस सरकले आणि मेच्या अखेरीस मेलुकोट्याजवळ कॉर्नवालिसास मिळाले. इंग्रजी फौज तेव्हा उपासमारीच्या काठावर होती. बैल मेलेले, तंबूंत देवीची साथ, वेढ्याच्या तोफा ओढण्यास जनावर नाही म्हणून त्या स्वतःच फोडून टाकलेल्या. अशा वेळी मराठ्यांचा लष्करी बाजार आला. धान्य मिळाले, दर मात्र बाजाराच्या मर्जीचे.

आता पाहण्याजोगी गोष्ट अशी. या स्वारीचे इंग्रजांनी लिहिलेले वृत्तांत लंडनास ताबडतोब छापले गेले. मेजर डायरमचे पुस्तक १७९३ साली निघाले, आणि परशुरामभाऊंच्या सोबत असलेल्या कॅप्टन लिटलच्या पलटणीची हकीगत एडवर्ड मूर याने १७९४ साली प्रसिद्ध केली. मराठी लष्कराचे वर्णन जगाने प्रथम वाचले ते या पाहुण्यांच्या लेखणीतून. मराठे सरदार आपल्या घरी काय लिहीत होते, रसद कशी जमवीत होते, इंग्रजांविषयी त्यांचा खरा अभिप्राय काय होता, ही सर्व पत्रे मात्र रुमालांत बांधलेली पडून राहिली. ती छापखान्यापर्यंत येण्यास शंभर वर्षे लागली, आणि आणली ती एका शाळामास्तराने.

हे काम नुसते नकलण्याचे नव्हते. पत्रे मोडीत, शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हे नाहीत. तारीख लिहिलेली ती बहुधा मुसलमानी महिन्यातील चंद्राची, आणि पुष्कळदा सालाचा पत्ता नाही. पत्रात कोणाचा मुक्काम कोठे आहे, कोण आजारी आहे, कोणते ठाणे पडले आहे, यावरून वर्ष बसवावयाचे. ते एकदा चुकले की पुढची दहा पत्रे चुकतात. खरेशास्त्र्यांनी पत्रे कालानुक्रमे लावली, त्यांना सलग अनुक्रमांक दिले, आणि मधून मधून स्वतःचे निवेदन घालून वाचकास वाट दाखविली. त्यांनी त्याआधी 'यशवंतराव' हे महाकाव्य लिहिले होते, १८९२ साली नाना फडनविसांचे चरित्रही लिहिले होते. पण आमच्या मते त्यांची खरी लेखणी या निवेदनांत दिसते: अलंकार नाही, आवेश नाही, काय घडले ते सांगून पत्राकडे बोट दाखविलेले.

कर्नाटकात नोकरी करणाऱ्या मराठी माणसास या ग्रंथाचा एक निराळाच उपयोग आहे. १७९१ सालीच मराठी फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या स्वामींनी टिपूकडे मदत मागितली व ती त्याने दिली. मठातील हा पत्रव्यवहार म्हैसूरच्या पुराणवस्तुखात्याचे आर. नरसिंहाचार यांनी १९१६ साली उजेडात आणला. येथील कन्नड सहकारी कधी जेवणाच्या सुट्टीत हा विषय काढतात, बहुधा मिस्कीलपणे, क्वचित खोचकपणे. त्या वेळी आपल्यापैकी काहीजण ही गोष्टच नाकारतात, तर काहीजण खाली मान घालून विषय बदलतात. दोन्ही आम्हांस पसंत नाहीत. त्या वर्षीची पटवर्धनी पत्रे ज्याच्या फडताळात आहेत त्याने ती काढून पाहावीत. फौजेत पगारी शिपाई कोण, लुटीवर जगणारे पेंढारी कोण, आणि त्यांच्यावर सरदाराचा हुकूम कितपत चालत असे, याचा विचार मग तरी कागदाच्या आधाराने करता येतो. दौलतीचे गुणगान करण्यास भाट मिळतात. कच्चा कागद जसाच्या तसा छापण्यास वेगळ्या प्रकारचा प्रकाशक लागतो.

असा प्रकाशक पोटापाण्याच्या हिशेबात नेहमीच तोट्यात असतो. १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर, काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांनी 'काव्येतिहाससंग्रह' काढला. सान्यांनी त्यातून बखरी बाहेर आणल्या, आणि दहा वर्षांनी, १८८८ साली, ते मासिक थांबले. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' यांचे खंड काढण्यास आरंभ केला. ते बावीसांवर गेले. जयराम पिंडे या कवीने शहाजीराजांच्या बंगळूर येथील दरबारावर रचलेला 'राधामाधवविलासचंपू' १९२२ साली छापून निघाला तोही राजवाड्यांच्याच संपादनाने. त्याची प्रस्तावना मूळ काव्यावर वरचढ झाली आहे; तथापि बंगळुरात राहून ज्याने हे पुस्तक उघडले नाही त्याने आपल्याच मोहल्ल्यातले एक घर पाहिले नाही असे आम्ही म्हणू.

अशा ग्रंथांना हमखास गिऱ्हाईक एकच, आगाऊ वर्गणी भरणारा. पुढे १९७४ साली मुंबईत 'ग्रंथाली' निघाली तिनेही हेच सूत्र धरले. सभासदांनी आधी पैसे द्यावे, पुस्तक त्यांना कमी किमतीत मिळावे. त्या जोरावर दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली, लक्ष्मण मान्यांचे 'उपरा' १९८० साली आणि ऊर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ साली वाचकांपुढे आले. दप्तरखान्याऐवजी येथे माणसाने स्वतःचेच आयुष्य कागद म्हणून पुढे ठेवले होते. विषय निराळा, पण जे छापल्याने कोणाची खुशामत होत नाही ते छापावयाचे, हा बाणा तोच.

परगावी असलेल्या वर्गणीदारास एक अडचण नेहमीची. बदली होते, पत्ता बदलतो, अंक जुन्या बिऱ्हाडी जाऊन परत फिरतो. कादंबरीचा एक भाग हुकला तर माणूस दुसरी कादंबरी वाचतो. सलग अनुक्रमांकांच्या पत्रसंग्रहाचा एक भाग हुकला की मधली शेकडो पत्रे जातात, आणि पुढच्या पत्रातला 'मागील पत्री लिहिले आहे' हा मजकूर कायमचा अधांतरी राहतो. ग्रंथालयांतून असे तुटके संच आम्ही पाहिले आहेत: तिसरा आहे, चौथा नाही, सातव्यास पुठ्ठा नाही. आता जुने भाग संगणकावर चित्ररूपाने वाचता येतात, ही मोठी सोय झाली.

खरेशास्त्री १९२४ साली मिरजेस वारले. तोवर बारा भाग झाले होते, आणि पटवर्धनी दप्तर अजून संपले नव्हते. पुढील भागांचे काम त्यांच्या चिरंजीवांनी हाती घेतले.