ताजमहाल हॉटेलचा घुमट, मुंबई

मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल पॅलेस हॉटेलच्या जुन्या इमारतीचा मध्यवर्ती घुमट आणि त्यालगतचा छपराचा भाग. मुंबईची ओळख म्हणून हा घुमट छायाचित्रांतून आणि चित्रपटांतून घरोघरी पोहोचला असला, तरी तो पाहुण्यांच्या वावरासाठी नाही. भव्य मधल्या जिन्यात उभे राहून वर पाहावे, एवढाच त्याच्याशी पाहुण्याचा संबंध येतो. प्रसिद्ध हॉटेलांच्या माथ्यावरील प्रवेशनिषिद्ध जागांचे हे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण होय.

बांधकाम : जमशेटजी टाटा यांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. मूळ आराखडे सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचे. वैद्य १९०० मध्ये वारले आणि पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज स्थापत्यविशारदाने पूर्ण केले. इमारतीत भारतीय, इस्लामी आणि युरोपीय शैलींचा मेळ आहे. मध्यभागी मोठा घुमट आणि कोपऱ्यांवर लहान घुमट अशी माथ्याची रचना आहे. शेजारचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे घुमट त्याहून जुना आहे. त्या काळी समुद्रमार्गे मुंबईत येणाऱ्याला शहराच्या ज्या इमारती आधी दिसत, त्यांत ताज होता.

उपयोग : बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांना दिवसा आपली जागा निश्चित करण्यासाठी किनाऱ्यावरील ठळक, न हलणाऱ्या खुणा लागतात. ताजचा घुमट ही अशीच एक खूण असून नौदलानेही तिचा उपयोग केला आहे. रायगड जिल्ह्यातील मांडव्याहून लाँचने गेटवेला येणाऱ्या प्रवाशालाही धक्का जवळ आल्याचे हा घुमट सांगतो. घुमटाचे खरे काम असे बाहेरून, लांबून दिसण्याचे आहे. त्यासाठी आत कोणी असण्याची गरज नाही.

दंतकथा : बंद जागेभोवती गोष्टी जमतात, तशा येथेही जमल्या. इमारत उलटी, म्हणजे समुद्राकडे पाठ करून बांधली गेल्याचे पाहून स्थापत्यकाराने घुमटावरून उडी घेतली, ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तिला आधार नाही. वैद्य यांचे निधन इमारत पूर्ण होण्याआधीच झाले होते. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने होता आणि तो ठरवूनच ठेवलेला होता. आज जेथे पोहण्याचा तलाव आहे, त्या बाजूने पाहुण्यांच्या गाड्या येत. पुढे वापर बदलला आणि समुद्राकडची बाजू दर्शनी ठरली.

माथा बंद ठेवण्याची कारणे : मोठ्या हॉटेलच्या माथ्यावर सहसा पाण्याच्या टाक्या, लिफ्टची यंत्रे, वातानुकूलनाची शीतक यंत्रणा, वीजरोधक आणि अँटेना असतात. देखभाल कर्मचाऱ्यांखेरीज तेथे कोणाचे काम नसते. उंचीवरून पडण्याचा धोका, वारसा इमारतीच्या जुन्या छपरावर येणारा भार आणि सुरक्षा ही आणखी कारणे. याउलट, माथा व्यवसायासाठी खुला केला की आगीची जबाबदारी वाढते. मुंबई महापालिकेने २०१७ मध्ये गच्चीवरील उपाहारगृहांना परवानगी देणारे धोरण आणले. त्याच वर्षी २९ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी कमला मिल आवारातील गच्चीवरच्या उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला.

अशा कामाच्या कारणांपलीकडे, हेरगिरीसाठी माथा बंद ठेवल्याचे खरे उदाहरण एस्टोनियात आहे. टॅलिन येथील विरू हॉटेल १९७२ मध्ये सुरू झाले. परदेशी पाहुण्यांवर पाळत ठेवणाऱ्या सोव्हिएत केजीबीची रेडिओ यंत्रणा त्याच्या २३व्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये मात्र २२ मजल्यांचीच बटणे होती. २०११ पासून तेथे संग्रहालय आहे. ताजच्या घुमटाबाबत असे काही रहस्य नाही; तो बंद आहे तो साध्या कामाच्या कारणांसाठी.

२००८ चा हल्ला : २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहशतवादी हॉटेलात शिरले. जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना लागलेल्या आगीत घुमटाभोवती उसळलेले धुराचे लोट जगभर दूरचित्रवाणीवर दिसले आणि हेच दृश्य हल्ल्याची खूण ठरले. सर्वाधिक हानी सहाव्या मजल्याची झाली. हॉटेलच्या महाव्यवस्थापकांची पत्नी आणि दोन मुले त्याच मजल्यावरील निवासात मरण पावली. आग आणि धूर वर चढतात, त्यामुळे वरच्या मजल्यावर अडकलेल्यांची सुटका सर्वांत कठीण होते. मुंबई अग्निशमन दलाने शिड्या लावून अनेकांना बाहेरून खाली उतरवले. राष्ट्रीय सुरक्षा दलाची कारवाई २९ नोव्हेंबरला संपली. घुमट उभा राहिला. १९७३ मध्ये बांधलेला शेजारचा टॉवर २१ डिसेंबर २००८ रोजी पुन्हा सुरू झाला, तर जुनी इमारत दुरुस्तीनंतर १५ ऑगस्ट २०१० रोजी खुली झाली.

कायदेशीर स्थान : २०१७ मध्ये या इमारतीच्या प्रतिमेची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. असे संरक्षण मिळालेली ही भारतातील पहिली इमारत. त्यामुळे घुमटासह इमारतीचे चित्र मालावर किंवा जाहिरातीत वापरून नफा कमवायचा असल्यास हॉटेलच्या मालक कंपनीची परवानगी लागते. स्वतःच्या आठवणीसाठी गेटवेजवळ उभे राहून छायाचित्र काढण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.