मार्चचा पहिला शुक्रवार

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती भगिनी एकच उपासना करतात. १८८७ साली अमेरिकेतील मेरी एलन जेम्स या प्रेस्बिटेरियन महिलेने प्रार्थनादिनाची हाक दिली. १९२७ पासून तो जागतिक झाला. आम्हां कॅथॉलिकांना परपंथीयांच्या उपासनेत सहभागी होण्यास १९१७च्या धर्मसंहितेची मनाई होती. ती वाट १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मोकळी केली.

आम्हांला मोलाचे वाटते ते निराळेच. दरवर्षी एका देशातील स्त्रिया उपासना लिहितात, बाकीच्या ती म्हणतात. १९३० साली हा मान जपानच्या अंमलाखालील कोरियाच्या हेलन किम यांना मिळाला. लिहिणारीचे शब्द जड गेले तरी ते तसेच उच्चारावेत, असे आमचे मत. २०२४ साली पाळी पॅलेस्टिनी भगिनींची होती. गाझात युद्ध पेटल्यावर जर्मन समितीने त्यांच्या मसुद्यात फेरफार केले.