फळ्यासमोर जन्मलेला चुंबक

विद्युतचुंबकाचं घराणं आज फार पसरलेलं आहे. भंगाराच्या गोदामात टनावारी लोखंड उचलणारी क्रेन, दाराची घंटा, इन्व्हर्टरमधला टकटक करणारा रिले, पंख्याची मोटर, इस्पितळातलं एमआरआय यंत्र ही सगळी त्याची वंशावळ. पण मूळपुरुषांचा शोध घेत मागे गेलं, तर आपण कारखान्यात पोचत नाही. आपण पोचतो वर्गात. हान्स क्रिश्चन ओर्स्टेड, विल्यम स्टर्जन आणि जोसेफ हेन्री या तिघांनी हा चुंबक घडवला आणि तिघांचाही पेशा शिकवण्याचा होता. विद्युतचुंबकाचं बळ विद्युतधारेवर, वेढ्यांच्या संख्येवर आणि गाभ्यावर अवलंबून असतं, हे वाक्य आपली मुलं एका दमात पाठ करतात. ते पुरं व्हायला १८२० ते १८३१ अशी अकरा वर्षं लागली.

त्याआधीचा चुंबक म्हणजे निसर्गात सापडणारा लोहचुंबकी दगड, नाहीतर त्यावर घासून तयार केलेली पोलादी सुई किंवा पट्टी. त्याचं बळ हवं तेव्हा वाढवता येत नव्हतं, हवं तेव्हा थांबवताही येत नव्हतं. १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टांनी पहिली विद्युत-चिती रचली आणि तारेतून सलग विद्युतधारा वाहू लागली. वीज आणि चुंबक यांचं काही नातं असावं, अशी शंका तेव्हा अनेकांना होती. दाखवून मात्र कोणी देऊ शकलं नव्हतं.

१८२० च्या वसंतात कोपनहेगनमध्ये व्याख्यान देत असताना ओर्स्टेडनी विद्युतधारा वाहणारी तार होकायंत्राजवळ धरली आणि सुई हलली. हालचाल इतकी बेताची होती की श्रोत्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. ओर्स्टेड मात्र गप्प बसले नाहीत. जुलैमध्ये त्यांनी मोठी बॅटरी घेऊन प्रयोग पुन्हा केले आणि २१ जुलैला लॅटिनमध्ये चार पानांचं टिपण छापून ते युरोपभरच्या विद्वानांना पाठवलं. त्यातली सर्वांना चक्रावून टाकणारी गोष्ट दिशेची होती. सुई तारेकडे ओढली जात नव्हती, तारेपासून दूरही ढकलली जात नव्हती. ती तारेला आडवी व्हायला बघत होती. तार सुईच्या वर धरली तर ती एका बाजूला वळे, खाली धरली तर दुसऱ्या. याचा अर्थ एकच निघत होता, की चुंबकीय परिणाम तारेभोवती गोल फिरतो. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम आपण आज शिकतो, तो याच निरीक्षणाचं सोपं रूप. अंगठा धारेच्या दिशेने, तर वळलेली बोटं क्षेत्राच्या दिशेने.

हा परिणाम किती मोठा असतो, याचा हिशेब दहावीच्या मुलालाही करता येईल. महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग साधारण ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास असतो. उत्तर-दक्षिण ताणलेल्या सरळ तारेतून १० अँपिअर धारा सोडली, तर तारेखाली ५ सेंटिमीटरवर तिचं क्षेत्रही ४० मायक्रोटेस्ला भरतं आणि ते पूर्व-पश्चिम असतं. पृथ्वी सुईला उत्तरेकडे ओढते, तार तितक्याच जोराने आडवी ओढते. सुई मधोमध, ४५ अंशांवर थांबते. धारा १ अँपिअर केली, तर सुई जेमतेम ६ अंश वळेल. श्रोत्यांवर छाप का पडली नाही, हे यावरून उमजतं.

पुढचं पाऊल पॅरिसमध्ये पडलं. फ्रान्स्वा आरागो यांनी ओर्स्टेडचा प्रयोग जिनिव्हात पाहिला होता. त्यांनी तो ११ सप्टेंबर १८२० रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत करून दाखवला. त्यानंतर आठवडाभरातच आंद्रे-मारी अँपिअर यांनी आपले निष्कर्ष मांडायला सुरुवात केली. दोन समांतर तारांतून एकाच दिशेने धारा वाहिली तर त्या एकमेकींकडे ओढल्या जातात, उलट दिशांनी वाहिली तर दूर ढकलल्या जातात. म्हणजे लोखंडाचा तुकडाही जवळ नसताना नुसत्या तारा चुंबकासारख्या वागत होत्या. मग तार सरळ ठेवण्याऐवजी मळसूत्रासारखी गुंडाळली तर? प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र आतल्या बाजूला एकाच दिशेचं असतं, त्यामुळे ती एकमेकांत मिळतात. आरागो आणि अँपिअर यांनी अशा वेटोळ्यात पोलादी सुई ठेवली आणि धारा सोडली, तेव्हा सुई चुंबक झाली. आपल्या पाठ्यपुस्तकातल्या नालकुंतलाचा जन्म हा. पण पोलादी सुई एकदा चुंबक झाली की धारा थांबल्यावरही चुंबकच राहते. चालू-बंद होणारा चुंबक अजून जन्मायचा होता.

तो जन्माला घातला एका चांभाराच्या मुलाने. विल्यम स्टर्जन यांचा जन्म १७८३ चा, इंग्लंडमधल्या लँकशरचा. लहानपणी ते जोडे शिवायला शिकले, मग सैन्यात भरती झाले आणि तोफखान्यात असताना गणित-विज्ञान स्वतःच्या हिमतीवर शिकले. १८२४ पासून ते लंडनजवळ अ‍ॅडिस्कम्ब इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करी विद्यालयात शिकवू लागले. हिंदुस्थानातल्या कंपनीच्या फौजेत दाखल होणारे तरुण अधिकारी तिथे तयार होत. शिक्षक म्हणून स्टर्जन यांची अडचण साधी होती. विजेचे नवे प्रयोग वर्गातल्या सर्वांना दिसावेत तर प्रचंड बॅटरी लागे, ती महाग पडे आणि हलवायला जड. बॅटरी लहानच ठेवून चुंबकीय परिणाम मोठा करता आला तर?

१८२५ मध्ये त्यांनी लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्ससमोर आपलं उत्तर ठेवलं. त्यांनी मऊ लोखंडाची गोल कांब नालेच्या आकारात वाकवली. तार आणि लोखंड यांचा विद्युत स्पर्श होऊ नये म्हणून लोखंडालाच वार्निश लावलं आणि त्यावर तांब्याच्या उघड्या तारेचे १८ वेढे दिले. वेढे एकमेकांना टेकू नयेत म्हणून ते ऐसपैस अंतरावर. तारेची टोकं पाऱ्याच्या वाट्यांत बुडवली की धारा सुरू. अवघ्या २०० ग्रॅम वजनाच्या या नालेने ४ किलो लोखंड तोलून धरलं. तारेचं टोक पाऱ्यातून उचललं की वजन धाडकन खाली. सोसायटीने त्यांना रौप्यपदक आणि ३० गिनी बक्षीस दिलं.

कळीचा मुद्दा मऊ लोखंडाचा होता. लोखंडाच्या आत सूक्ष्म प्रदेश असतात आणि त्यातला प्रत्येक प्रदेश एक छोटा चुंबकच असतो. एरवी त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असल्यामुळे बाहेर काही जाणवत नाही. वेटोळ्याचं क्षेत्र लागलं की ते एका दिशेला वळतात आणि मूळ क्षेत्रात शेकडो पटींनी भर घालतात. मऊ लोखंडात ते सहज वळतात आणि धारा थांबली की बहुतांशी पुन्हा विस्कटतात; पोलादात अडकून बसतात. ही उपपत्ती फ्रान्सच्या पिएर वाइस यांनी १९०७ मध्ये मांडली. स्टर्जन यांना ती ठाऊक असणं शक्य नव्हतं. त्यांच्याकडे होती ती हाताला आलेली पारख.

आता उरला होता वेढ्यांचा प्रश्न. तो सोडवला अमेरिकेतल्या ऑल्बनी गावच्या शाळामास्तरांनी. जोसेफ हेन्री गरीब घरातले, घड्याळजी आणि सोनारकामाच्या दुकानात उमेदवारी केलेले. १८२६ पासून ते ऑल्बनी अकॅडमीत गणित आणि विज्ञान शिकवत. शिकवण्यातच दिवस जाई, त्यामुळे मोठे प्रयोग ऑगस्टच्या सुट्टीसाठी राखून ठेवावे लागत. स्टर्जन यांनी लोखंडाला आवरण दिलं होतं. हेन्रींनी तारेलाच दिलं. तांब्याच्या तारेवर त्यांनी रेशीम गुंडाळलं. आता वेढा वेढ्याला टेकला तरी चालणार होतं. एकावर एक थर चढवत शेकडो वेढे देता येऊ लागले.

इथेच त्यांना एक नवी अडचण भेटली. एकच तार लांबलचक गुंडाळत गेलं की तिचा रोध वाढतो, धारा कमी होते आणि वेढे वाढूनही बळ त्या मानाने वाढत नाही. ओमचा नियम जर्मनीत नुकताच, १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला होता आणि अमेरिकेत तो फारसा पोचला नव्हता. हेन्रींनी प्रयोग करत करत दोन वाटा काढल्या. बॅटरी एकाच घटाची असेल तर लांब तारेऐवजी आखूड तारांची अनेक वेटोळी द्यायची आणि ती समांतर जोडायची. बॅटरी अनेक घटांची, एकसर जोडलेली असेल तर एकच लांब वेटोळं चालतं. १८३१ मध्ये त्यांनी वर्णिलेल्या चुंबकात साडेनऊ किलोच्या लोखंडी नालेवर १८-१८ मीटरची नऊ वेटोळी होती. त्याने ३४० किलो वजन पेललं.

दुसऱ्या वाटेचा उपयोग त्यांनी त्याच वर्षी दाखवला. अकॅडमीच्या एका दालनात मैलाहून लांब तार फिरवून त्यांनी दुसऱ्या टोकाच्या विद्युतचुंबकाकडून घंटा वाजवली. लांबवर शक्ती पोचवण्यासाठी कोणता चुंबक आणि कोणती बॅटरी हवी, हे यातून कळलं आणि तारायंत्राचा पाया घातला गेला. पुढे जी ट्रिंग-ट्रिंग करणारी घंटा घरोघरी आली, तिची युक्ती वेगळी आणि फार सुंदर आहे. चुंबक लोखंडी पट्टी ओढतो, टोला पडतो. पण ओढली गेलेली पट्टी स्क्रूपासून सुटते, मंडल तुटतं आणि चुंबक विझतो. स्प्रिंग पट्टीला परत स्क्रूला टेकवते आणि सगळं पुन्हा सुरू होतं. चुंबक स्वतःचीच धारा तोडत राहतो.

१८३१ सालचीच आणखी एक गोष्ट. २९ ऑगस्टला लंडनमध्ये मायकेल फॅरडेंनी लोखंडी कड्याच्या दोन बाजूंना दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्यात धारा सुरू होताना आणि थांबताना, फक्त त्या क्षणांना, दुसऱ्याला जोडलेली सुई हलली. धारेने चुंबक होतो, तसा बदलत्या चुंबकाने धारा निर्माण होते, हे सिद्ध झालं. ट्रान्सफॉर्मर आणि जनित्र यांची शाखा तिथून फुटते.

ही शाखा मुंबईत पोचली तेव्हा तिची किंमत एका वेधशाळेला मोजावी लागली. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी १८४० च्या दशकापासून होत होत्या. शहरात विजेवरच्या ट्राम येणार हे ठरल्यावर धोका स्पष्ट झाला. रुळांतून आणि जमिनीतून वाहणारी धारा आपलं क्षेत्र घेऊनच येणार, आणि मोजायचं होतं ते पृथ्वीच्या क्षेत्रातले अगदी बारीक चढउतार. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत चुंबकीय विभाग खाडीपलीकडे अलिबागला हलवला गेला. तिथल्या इमारतीत लोखंड वापरलं नाही. १९०४ ते १९०६ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी जुळवता यावी. मुंबईत विजेची पहिली ट्राम मे १९०७ मध्ये धावली. अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझं आग्रहाचं सांगणं आहे, की हा चुंबक मुलांना स्वतः गुंडाळू द्या. मोटर वायंडिंगच्या दुकानातून थोडी इनॅमलची तार आणा, एक मोठा खिळा आणि एक सेल घ्या. तारेची टोकं काचकागदाने खरवडायला विसरू नका, आणि तार तापते म्हणून धारा काही सेकंदच सोडा. आधी ५० वेढे देऊन किती टाचण्या उचलल्या जातात ते मोजू द्या, मग १००. टाचण्या बहुधा दुप्पट होणार नाहीत. मुलं विचारतील, वेढे दुप्पट केले तर टाचण्या का नाही? तेव्हा लगेच उत्तर देऊ नका. दुसरा सेल द्या, जाड तार द्या, वेढे दोन भागांत तोडून समांतर जोडून बघायला सांगा. दुपार जाईल, पण रोध म्हणजे काय ते त्यांना पुन्हा शिकवावं लागणार नाही.