मुंबईची शांतता क्षेत्रे : ऑगस्ट २०१७

१४ फेब्रुवारी २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. तेथील मर्यादा दिवसा ५०, रात्री ४० डेसिबल. २०११ पासून मुंबईसह सात महानगरांत ध्वनिमापनाची कायमस्वरूपी केंद्रेही उभी राहू लागली.

१० ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने नियमच बदलला : राज्य शासनाने घोषित केल्याखेरीज कोणताही परिसर शांतता क्षेत्र नव्हे. गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि, राज्य शासनाच्याच भूमिकेनुसार, मुंबईत एकही शांतता क्षेत्र उरले नव्हते! रुग्णालये तेथेच, रुग्णही तेच.

१ सप्टेंबरला उच्च न्यायालयाने या दुरुस्तीला स्थगिती दिली. ४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशालाच स्थगिती दिली. दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी होती.